पहिल्या प्रोसेसचं राज्य

ब्राउझरमधून सर्व्हर सांभाळायला कुठलं साधन घ्यावं, असं आमच्या कॉलेजच्या सर्व्हर रूममध्ये नवीन आलेली मुलं विचारतात. मी आधी त्यांना विचारतो, मशीनवर एक नंबरची प्रोसेस कोणती आहे? कर्नल सर्वांत आधी तिला सुरू करतो आणि बाकीच्या सर्व्हिसेस ती उठवते. साधनाची निम्मी निवड तिथेच होऊन जाते.

जेमी कॅमेरॉनने १९९७ मध्ये पर्लमध्ये वेबमिन हे असंच एक साधन लिहिलं, तेव्हा लिनक्सवर सिस्टीम फाइव्ह पद्धतीच्या इनिटचा, म्हणजे त्या पहिल्या प्रोसेसचा, जम बसलेला होता. प्रत्येक रनलेव्हलची, म्हणजे मशीनच्या चालण्याच्या अवस्थेची, एक डिरेक्टरी आणि तिच्यात शेल स्क्रिप्टांच्या लिंका. रेड हॅटवर नेटवर्कची लिंक एस १०, सेंडमेलची एस ८०, अपाचेची एस ८५. एस असेल तर सुरू करायचं, के असेल तर बंद करायचं, आणि आकडा हा रांगेतला नंबर. डिरेक्टरीची यादी काढली की मशीन कोणत्या क्रमाने उभं राहतं ते समोर दिसायचं. मला ती पद्धत फार आवडायची, कारण त्यात लपवलेलं काहीच नव्हतं.

वेबमिन ही रांग ‘बूटअप अँड शटडाउन’ नावाच्या पानावर मांडायचं. पण त्याला सोलारिसवर आणि फ्रीबीएसडीवरही चालायचं होतं आणि फ्रीबीएसडीची तऱ्हा निराळी. म्हणून त्या मॉड्यूलचा कोड आधी मशीनवर कुठली पद्धत आहे ते तपासतो, उत्तर एका व्हेरिएबलमध्ये ठेवतो आणि पुढे प्रत्येक कामाला त्याप्रमाणे वेगळी वाट धरतो. पुढे इनिटच्या जागी अपस्टार्ट आलं, मग सिस्टमडी आलं, तशा त्या कोडमध्ये आणखी वाटा जोडल्या गेल्या. तो वाचताना युनिक्सचा इतिहास थरांनी साचलेला दिसतो. आमच्याकडे तीन तऱ्हांची मशीन्स होती आणि तिन्हींवर १०००० नंबरच्या पोर्टवर तेच पान उघडायचं. दुसऱ्या शिफ्टच्या माणसाला एवढा आधार पुरत असे.

जुन्या इनिटची एक उणीव मात्र खरी होती. स्क्रिप्ट सर्व्हिस सुरू करायची, तिचा प्रोसेस नंबर एका फाइलीत लिहायची आणि निघून जायची. नंतर सर्व्हिस मेली तरी फाइल तशीच राहायची. वेबच्या पानाने दाखवलेली स्थिती अशा पुराव्यावर टेकलेली असे.

उबुंटूने २००६ मध्ये अपस्टार्ट आणलं. ३० एप्रिल २०१० रोजी लेनार्ट पोटरिंगने सिस्टमडीची कल्पना जाहीर केली आणि २०११ मध्ये ती फेडोरा १५ मध्ये आली. सिस्टमडी प्रत्येक सर्व्हिसच्या प्रोसेस एका सीग्रुपमध्ये, म्हणजे कर्नलने राखलेल्या गटात, बांधून ठेवतं, त्यामुळे कोण जिवंत आहे हे त्याला नक्की माहीत असतं, आणि विचारणाऱ्याला ते डी-बस या निरोपांच्या वाटेवरून सांगतं. डेबियनमध्ये यावर मोठं भांडण झालं. फेब्रुवारी २०१४ मध्ये तांत्रिक समितीत मतं समसमान पडली आणि अध्यक्ष बेडेल गार्बी यांच्या निर्णायक मताने सिस्टमडी आलं. नाराज मंडळींनी देव्हुआन हे वेगळं डिस्ट्रिब्युशन काढलं. त्याची पहिली पक्की आवृत्ती मे २०१७ ची.

रेड हॅटच्या लोकांनी कॉकपिट हे दुसरं साधन बांधलं ते सिस्टमडीच्या या नव्या पायावर. डिसेंबर २०१४ च्या फेडोरा २१ सर्व्हरबरोबर ते आपोआप मिळू लागलं. ९०९० हे पोर्ट सिस्टमडी स्वतः धरून बसतं. कुणी ब्राउझर उघडला की मगच कॉकपिट उठतं, आणि काम संपल्यावर थोड्या वेळाने आपणहून बंद होतं. लॉग इन केलेल्या माणसाला जेवढे अधिकार, तेवढंच त्याला करता येतं. ही रचना मला मनापासून पटते. पण सिस्टमडी काढून घेतलं तर कॉकपिटला उभं राहायला जागाच नाही, म्हणून देव्हुआनवाल्याने त्याचा विचारच करू नये.

वेबमिनचा सर्व्हर मात्र रूटच्या अधिकाराने दिवसरात्र ऐकत असतो. त्याची जोखीम ऑगस्ट २०१९ मध्ये जगाने पाहिली. २०१८ मध्ये कुणीतरी वेबमिनच्या बिल्ड सर्व्हरमध्ये शिरून पासवर्ड बदलण्याच्या पानात चोरवाट घातली होती. गिटहबवरचा सोर्स स्वच्छ होता, पण सोर्सफोर्जवरून उतरवलेल्या पॅकेजांतून ती वाट वर्षभराहून अधिक काळ पसरत राहिली. १.९३० या आवृत्तीने ती बंद केली.

म्हणून मुलांना मी सांगतो, सगळीकडे सिस्टमडी असेल तर कॉकपिट घ्या. मशीन्स मिसळीची असतील, किंवा एखादं जुनं फ्रीबीएसडी अजून इमानाने मेल पोचवत असेल, तर वेबमिनच घ्या. फक्त १०००० चं पोर्ट फायरवॉलच्या आत ठेवा, बाहेरून यायचं असेल तर एसएसएचच्या टनेलमधून या, आणि पॅकेज कुठून उतरवलंत ते रजिस्टरमध्ये लिहून ठेवा.