चर्चाबंदीचे मत आणि सरकारची तिजोरी

आपल्या लोकसभेच्या नियमांत एक तरतूद आहे. विविध खात्यांच्या अनुदानाच्या मागण्यांवर चर्चा करण्यासाठी जे दिवस नेमून दिलेले असतात, त्यांतील अखेरच्या दिवशी सायंकाळी ५ वाजता, किंवा अध्यक्षांनी आधी ठरवलेल्या घटकेला, उरलेल्या सर्व मागण्या एकदम मतास टाकल्या जातात. चर्चा झालेली असो वा नसो. संसदेच्या भाषेत ह्याला 'गिलोटिन' असे भयंकर नाव आहे. १४ मार्च २०१८ रोजी ह्याच मार्गाने, गदारोळ चालू असताना, अवघ्या देशाचा वार्षिक खर्च अर्ध्या तासाच्या आत संमत झाला. आपण अशा वेळी हळहळतो, आणि ते योग्यच आहे. परंतु ह्याच्या अगदी उलट दुखणे जडलेले एक सभागृह जगात आहे, आणि त्याचा इतिहास आम्हांला अधिक बोधक वाटतो. ते म्हणजे अमेरिकेचे सिनेट. तेथे चर्चा आपोआप संपण्याची घटकाच नेमलेली नाही. चर्चा पुरे झाली असे ठरवण्यासाठी निराळे मत घ्यावे लागते, आणि सरकारच्या खर्चाचे भवितव्य त्या मतावर टांगलेले असते.

ह्याचे मूळ शोधू गेल्यास ते एका साफसफाईत सापडते. १८०५ साली उपाध्यक्षपदावरून निवृत्त होताना ॲरन बर ह्यांनी सिनेटला सुचवले की, आपल्या नियमांच्या पुस्तकात अनावश्यक नियम फार झाले आहेत, ते काढून टाकावेत. त्यांतला एक नियम मूळ प्रश्न तत्काळ मतास टाकण्याविषयीचा होता. तो क्वचितच वापरला जाई. १८०६ मध्ये नियमावली नव्याने लिहिली गेली, तेव्हा तो वगळण्यात आला. त्या काळी सभागृहात अवघे ३४ सदस्य होते. बहुमताच्या बळावर चर्चा थांबवण्याचे साधन आपण गमावले, हे त्या वेळी फारसे कोणाच्या ध्यानी आले नसावे. ते ध्यानी आले पुढील पिढ्यांना.

बोलत राहून विधेयक मारण्याच्या ह्या युक्तीला 'फिलिबस्टर' म्हणतात. हा शब्द डच भाषेतून स्पॅनिशमार्गे आला आणि त्याचा मूळ अर्थ समुद्रावरील लुटारू असा आहे. लुइझियानाचे सिनेटर ह्यूई लाँग ह्यांनी १९३५ साली साडेपंधरा तास भाषण केले आणि त्यात कालवे कशी तळावीत ह्याची कृतीही सांगितली. अशा गमती वृत्तपत्रांना आवडतात. परंतु ह्या युक्तीचा खरा कस दोनदा लागला.

पहिला प्रसंग १९१७ चा. महायुद्धात जर्मन पाणबुड्या व्यापारी जहाजे बुडवीत होत्या. अमेरिकी जहाजांना शस्त्रे देण्याचे विधेयक मूठभर सिनेटरांनी बोलून बोलून रोखले आणि ४ मार्च रोजी अधिवेशनाची मुदतच संपली. अध्यक्ष विल्सन संतापले. काही आपमतलबी हटवादी माणसांनी एका बलाढ्य राष्ट्राला हतबल केले, अशा आशयाचे पत्रक त्यांनी काढले. ८ मार्चला सिनेटने ७६ विरुद्ध ३ मतांनी नवा नियम केला : दोनतृतीयांश उपस्थित सदस्यांनी मत दिल्यास चर्चा संपवता येईल. ह्यालाच 'क्लोचर' म्हणतात. १९१९ साली व्हर्सायच्या तहावरील चर्चा थांबवताना त्याचा पहिला यशस्वी वापर झाला.

दुसरा प्रसंग १९६४ चा. कृष्णवर्णीयांना समान हक्क देणाऱ्या विधेयकाला दक्षिणेकडील सिनेटरांनी कामकाजाचे सुमारे ६० दिवस अडवून धरले होते. नागरी हक्कांच्या विधेयकावर क्लोचर तोवर एकदाही मिळाले नव्हते. लिंकन स्मारकापाशी प्रॉटेस्टंट, कॅथलिक आणि ज्यू धर्मशिक्षणाचे विद्यार्थी आळीपाळीने अहोरात्र प्रार्थना करीत उभे होते. १० जून रोजी मतदान झाले. कॅलिफोर्नियाचे सिनेटर क्लेअर एंगल मेंदूतील गाठीमुळे मृत्यूच्या दारी होते. त्यांना चाकांच्या खुर्चीवरून सभागृहात आणले गेले. नाव पुकारले गेले, पण वाचा गेलेली होती. त्यांनी हात उचलून डोळ्याकडे बोट दाखवले. इंग्रजीत 'डोळा' आणि 'होकार' ह्या दोन शब्दांचा उच्चार एकच आहे. मत नोंदले गेले. ७१ विरुद्ध २९. पुढच्याच महिन्यात एंगल वारले.

बोलणाऱ्याला निदान उभे राहावे लागे, जागावे लागे, घसा कोरडा करावा लागे. अडवणुकीची ती किंमत होती. १९७० च्या सुमारास बहुमताचे नेते माइक मॅन्सफील्ड ह्यांनी एक व्यवहारी तोड काढली : अडलेले विधेयक बाजूस ठेवून दुसरे कामकाज चालू द्यावे. हेतू चांगला होता. परिणाम मात्र असा झाला की, अडवणाऱ्याला बोलण्याचीही गरज उरली नाही. ४१ सदस्यांनी मत न देणे पुरेसे झाले, कारण १९७५ मध्ये दोनतृतीयांशाची अट उतरवून ती एकंदर सदस्यसंख्येच्या तीनपंचमांश, म्हणजे १०० पैकी ६०, अशी करण्यात आली होती. आजची रीत अशी : १६ सदस्यांच्या सहीचा अर्ज येतो, मध्ये एक दिवस जाऊ द्यावा लागतो, मग नावे पुकारून मत घेतले जाते. ६० मिळाल्यावरही आणखी ३० तासांपर्यंत चर्चा चालू शकते. शिवाय विधेयक चर्चेला घ्यावे की नाही, ह्यासाठी एकदा आणि विधेयकासाठी पुन्हा, अशी दोनदा ही चाळणी लागू शकते.

आता तिजोरीकडे वळू. कायद्याने मंजूर न झालेला पैसा सरकारी अधिकाऱ्याने खर्चू नये, असा कायदा अमेरिकेत १८८४ पासून आहे. तरीही मंजुरीला उशीर झाल्यास खाती काटकसरीने काम रेटीत. १९८० मध्ये ॲटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी ह्यांनी कायद्याचा काटेकोर अर्थ लावला : मंजुरी नसेल, तर खात्याने दार लावावे. जीवित व मालमत्ता ह्यांच्या रक्षणाचे काम तेवढे वगळले. तेव्हापासून १ ऑक्टोबरला, म्हणजे त्यांच्या आर्थिक वर्षाच्या पहिल्या दिवशी, संमत विधेयक हाती नसेल तर कचेऱ्या बंद पडतात. सगळ्याच टाळेबंदींना सिनेटची चर्चा कारण झाली असे नव्हे. १९९५-९६ चे भांडण अध्यक्षांचे संसदेशी होते. परंतु जानेवारी २०१८ मध्ये क्लोचरला ५० विरुद्ध ४९ मते पडली, आणि बहुमत असूनही सरकार बंद झाले.

येथे एक विसंगती आहे, आणि ती आम्हांला सर्वांत खटकते. १९७४ च्या अर्थसंकल्पविषयक कायद्याने काही विधेयकांना चर्चेची ठराविक मर्यादा घालून साध्या बहुमताची वाट मोकळी करून दिली. त्या वाटेने १ जुलै २०२५ रोजी अब्जावधी डॉलरांच्या करकपातीचे आणि वैद्यकीय साहाय्यातील कपातीचे अवाढव्य विधेयक ५१ विरुद्ध ५० मतांनी, उपाध्यक्षांच्या निर्णायक मताने, पार पडले. मात्र कचेऱ्या जशा चालू आहेत तशा काही आठवडे चालू ठेवण्याच्या विधेयकाला ६० हवेत!

त्याच वर्षी ३० सप्टेंबरला अशाच विधेयकाला ५५ विरुद्ध ४५ मते मिळाली, म्हणजे पाच कमी. डेमोक्रॅटिक पक्षाचे म्हणणे असे की, लाखो कुटुंबांच्या आरोग्यविम्याचे हप्ते हलके करणारी करसवलत वर्षअखेरीस संपते आहे, ती आधी वाढवावी. रिपब्लिकनांचे म्हणणे, आधी दारे उघडा, मग बोलू. दोन्ही बाजूंना आपापला युक्तिवाद होता. चौदा वेळा मतदान झाले आणि चौदाही वेळा ६० भरले नाहीत. तोवर विमानांना वाट दाखवणारे नियंत्रक पगाराविना काम करीत होते, ४० मोठ्या विमानतळांवरील उड्डाणे सरकारने कमी केली होती, आणि ४ कोटी २० लाख गरिबांची नोव्हेंबरची अन्नमदत अडकली होती. आपल्यापैकी ज्यांची मुलेबाळे तिकडे आहेत, त्यांनी ह्या गोष्टी फोनवर ऐकल्या असतील.

९ नोव्हेंबर, रविवार. पाच जणांचे मन वळले होते. टेक्सासहून येणाऱ्या एका सिनेटरच्या मतासाठी मतदान बराच वेळ उघडे ठेवावे लागले. ते पोहोचले आणि ६० भरले. १२ तारखेला प्रतिनिधिगृहाने २२२ विरुद्ध २०९ मतांनी विधेयक संमत केले. त्याच रात्री स्वाक्षरी झाली आणि ४३ दिवसांची, तोवरची सर्वांत दीर्घ, टाळेबंदी उठली. विम्याची सवलत त्यात नव्हती. डिसेंबरात तिच्यावर मत घेऊ, एवढे आश्वासन होते. ते पाळलेही गेले. ११ डिसेंबरला त्या सवलतीच्या बाजूने ५१ आणि विरोधात ४८ मते पडली. येथेही ६० हवे होते. सवलत ३१ डिसेंबरला संपली.