संगणकीय आलेखाचे आकारमान : इंच ते पिक्सेल एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
शोधनिबंधातील आलेख ही सजावट नसून तो निष्कर्षाचा पुरावा असतो. पुणतांब्यासारख्या गोदाकाठच्या गावातील पर्जन्यमानाचा आलेख छापील पानावर धूसर उमटला किंवा अक्षावरील वर्षे वाचता आली नाहीत, तर तो पुरावा वाचकापर्यंत पोहोचत नाही. या दोषाचे मूळ बहुधा आलेख जतन करताना त्याचे आकारमान न ठरविण्यात असते. हा प्रश्न कसा निर्माण झाला, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

कागदाकडून पडद्याकडे :
१९५९ मध्ये अमेरिकेतील कॅलकॉम्प कंपनीने ५६५ हे आलेखन यंत्र बाजारात आणले. त्यातील लेखणी एका वेळी इंचाच्या शंभराव्या भागाएवढी सरकत असे. आलेख थेट कागदावर उमटत असल्याने त्याचे माप निश्चित होते. पुढे पडद्याचा वापर वाढला आणि माप पिक्सेलमध्ये मोजले जाऊ लागले. पिक्सेलला स्वतःची लांबी नसते. एका इंचात किती पिक्सेल, हे ठरल्याखेरीज त्याचे इंचात रूपांतर होत नाही.

दोन्ही मापांचा वारसा :
बेल प्रयोगशाळेत १९७६ मध्ये सुरू झालेल्या एस या भाषेच्या धर्तीवर रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी आर ही भाषा घडविली. तिची १.०.० ही आवृत्ती २००० मध्ये प्रसिद्ध झाली. तीत पीडीएफ आलेख मुळात ७ इंचांचा, तर पीएनजी आलेख ४८० पिक्सेलचा असतो. म्हणजे दोन्ही मापे एकाच भाषेत नांदतात. पायथनसाठी जॉन हंटर यांनी २००३ मध्ये मॅटप्लॉटलिब प्रसिद्ध केले. त्यात इंचातील आकार आणि दर इंची पिक्सेलसंख्या यांच्या गुणाकारातून प्रतिमा तयार होते. २०१७ च्या २.० आवृत्तीपासून मूळ आकार ६.४ × ४.८ इंच व घनता १०० आहे. म्हणून जतन केलेली प्रतिमा ६४० × ४८० पिक्सेलची होते.

महाराष्ट्राचाही या परंपरेशी संबंध आहे. आयआयटी मुंबईच्या एरोस्पेस अभियांत्रिकी विभागातील प्राध्यापक प्रभू रामचंद्रन हे 'मायावी' या त्रिमितीय आलेखन प्रणालीचे मूळ निर्माते होत. तीत आकार सरळ पिक्सेलमध्ये सांगावा लागतो. त्याच संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने मुक्त संगणक प्रणालींचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध केले आहेत.

व्यवहारातील परिणाम :
आलेखातील अक्षरे पॉइंटमध्ये मोजली जातात व ७२ पॉइंट म्हणजे एक इंच. पानावर ५ इंच रुंदीचा आलेख हवा आणि घनता ३०० असेल, तर १५०० पिक्सेल लागतात. मात्र आरमध्ये घनता न सांगता केवळ १५०० पिक्सेल मागितले, तर ७२ ही घनता गृहीत धरून सुमारे २१ इंचांचा आलेख रेखाटला जातो. तो ५ इंचांत बसविल्यावर १२ पॉइंटची अक्षरे ३ पॉइंटहूनही लहान होतात. मॅटप्लॉटलिबमध्ये कडेची मोकळी जागा छाटण्याचा पर्याय निवडल्यास ठरविलेले माप पुन्हा बदलते, हेही ध्यानात घ्यावे लागते.

निष्कर्ष :
प्रणालीचे मूळ माप हे तिच्या निर्मात्यांनी सोयीसाठी घेतलेला निर्णय आहे. ते आपल्या नियतकालिकाच्या पानाचे माप नव्हे. म्हणून प्रथम छापील रुंदी, नंतर अक्षरांचा आकार व शेवटी घनता, या क्रमाने आलेख जतन करणे श्रेयस्कर ठरते. लहान प्रतिमा मागाहून ताणून तिच्यात नसलेला तपशील निर्माण करता येत नाही.