४४ पायऱ्या आणि एक काकडी

कुठल्याही व्यापारी प्रदर्शनात चक्कर मारा, दोन प्रकारची माणसं हमखास दिसतील. पहिली, ज्यांना खरोखर माल बघायचाय. आणि दुसरी, ज्यांना कापडी पिशवी, पेन आणि जमलंच तर टी-शर्ट हवाय! आपण आयटीवाले बहुतेक वेळा दुसऱ्या गटात असतो, खोटं कशाला बोला. चाक फिरवा आणि बक्षीस जिंका, कार्ड टाका आणि सोडतीत भाग घ्या, क्यूआर कोड स्कॅन करा आणि बाटली घ्या... हे सगळं बघून वाटतं की ही आजकालच्या मार्केटिंगवाल्यांची डोकॅलिटी. पण नाही मंडळी, ही युक्ती सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. आणि तिचा सगळ्यात झकास प्रयोग एका लोणचंवाल्याने केला होता.

तर गोष्ट आहे १८९३ सालची, शिकागोची. कोलंबस अमेरिकेत पोचल्याला चारशे वर्षं झाली म्हणून मिशिगन सरोवराच्या काठी जॅक्सन पार्कमध्ये भलंमोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. आपल्याला हे साल वेगळ्याच कारणाने पाठ असतं. स्वामी विवेकानंदांनी जिथे भाषण केलं ती सर्वधर्म परिषद याच प्रदर्शनाच्या निमित्ताने सप्टेंबरमध्ये भरली होती. १ मे ते ३० ऑक्टोबर, सहा महिन्यांत सुमारे २ कोटी ७० लाख प्रवेश नोंदले गेले. अख्ख्या अमेरिकेची लोकसंख्या तेव्हा सव्वासहा कोटींच्या आसपास होती, म्हणजे गर्दीचा अंदाज करा! जगातलं पहिलं फेरिस व्हील, २६४ फूट उंचीचं, इथेच फिरलं.

या गर्दीत पिट्सबर्गचा हेन्री जॉन हाइन्झ आपला माल घेऊन उतरला होता. हो, तोच केचपवाला. पण त्याची खरी शान तेव्हा लोणच्यात होती. लोणचं म्हणजे आपलं कैरीचं, तेल सुटलेलं नव्हे हं. व्हिनेगरमध्ये मुरवलेली छोटी काकडी, बर्गरमधून आपण हळूच काढून टाकतो ती. हाइन्झ काही नवशिका नव्हता. १८७५ साली त्याचा पहिला धंदा पार बुडाला होता, पुढच्याच वर्षी त्याने भाऊ आणि चुलतभावाच्या साथीने पुन्हा सुरुवात केली, आणि जुनी देणी नंतर फेडून टाकली. पडून उठलेला माणूस होता तो.

पण शिकागोत त्याच्यापुढे एक अगदी साधा प्रॉब्लेम उभा राहिला. त्याचा स्टॉल शेतीविषयक मालाच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर होता. वर जायला ४४ पायऱ्या! दिवसभर पायपीट करून दमलेला माणूस खालचा मजला कसाबसा बघायचा आणि बाहेरची वाट धरायचा. वर कुत्रंही फिरकेना. स्टॉलची सजावट सुंदर, माल उत्तम, चव बघायची सोय... पण बघणारंच कोणी नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर साइट झक्कास, हिट्स शून्य.

हाइन्झने काय केलं? जास्त मोठा बोर्ड लावला नाही. त्याने छोटी पांढरी कार्डं छापून घेतली, दिसायला रेल्वेच्या सामानाच्या पावतीसारखी. त्यावर लिहिलेलं, की हे कार्ड हाइन्झच्या स्टॉलवर आणून द्या आणि भेटवस्तू फुकट घेऊन जा. मग पोरांना हाताशी धरून ही कार्डं प्रदर्शनाच्या मैदानात हजारोंनी पसरवून दिली.

मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती ही, की कार्ड जमिनीवर पडलेलं होतं. हातात कोंबलेली जाहिरात आपण चार पावलांवर टाकून देतो. पण सापडलेली पावती? ती आपण उचलतो, उलटून बघतो, कुणाची असेल असा विचार करतो. म्हणजे माणूस जाहिरात वाचत नव्हता, त्याला काहीतरी 'गवसलं' होतं. आणि गवसलेल्या गोष्टीचा सोक्षमोक्ष लावल्याशिवाय कुणाला चैन पडतंय?

झालं. लोक ४४ पायऱ्या चढू लागले. थोडेथोडके नाही, इतके की पोलिसांना गर्दी आवरावी लागली आणि सज्जाखाली जास्तीचे टेकू द्यावे लागले! सर्व्हर क्रॅश होणं म्हणतात ते हेच, फक्त इथे सर्व्हर लाकडाचा होता. काही प्रदर्शकांनी तर अधिकाऱ्यांकडे तक्रार केली, की ही स्पर्धा न्याय्य नाही म्हणून.

आणि एवढं चढून मिळायचं काय? सव्वा इंच लांबीची हिरवी काकडी. घड्याळाच्या साखळीला अडकवायचं लोलक, वर ठसठशीत अक्षरात हाइन्झचं नाव. प्रदर्शन संपेपर्यंत अशा दहा लाखांहून जास्त काकड्या वाटल्या गेल्या.

इथे माझ्यातला इंजिनीअर जरा रेंगाळतो. ती काकडी गटापर्चाची होती. मलायाकडच्या एका झाडाचा हा चीक, गरम पाण्यात मऊ पडतो, हवा तो आकार घेतो आणि गार झाला की टणक होतो. प्लॅस्टिकच्या आधीचं प्लॅस्टिकच म्हणा ना. समुद्राखालच्या तारांना वेष्टण म्हणून हाच चीक वापरत. १८७० साली मुंबईहून एडन-सुएझमार्गे लंडनपर्यंत जी तार जोडली गेली, तीही याच्याच जोरावर खाऱ्या पाण्यात तग धरून होती. म्हणजे ज्या पदार्थाने मुंबई लंडनशी बोलायला लागली, त्याच्याच काकड्या करून एक गृहस्थ शिकागोत फुकट वाटत होते!

आता जरा मुद्द्याचं. फुकट वाटणं सोपं असतं हो. मग हाइन्झचं जमलं कशामुळे?

एक म्हणजे, त्याची भेट फुकट होती पण आयती नव्हती. कार्ड उचला, स्टॉल शोधा, जिना चढा. एवढी मेहनत केलेला माणूस काकडी खिशात टाकून लगेच पाठ फिरवत नाही. दम खातो, इकडेतिकडे बघतो, समोर ठेवलंय ते चाखतो. दुसरं म्हणजे, भेट आणि माल यांचं नातं होतं. लोणचंवाल्याने लोणचंच दिलं, आणि ते छातीवरच्या साखळीला लटकवून लोक गावोगाव फिरले. तिसरं आणि महत्त्वाचं, वर पोचल्यावर चाखण्यासारखं खरंच काहीतरी होतं. हा माणूस सुरुवातीपासून पारदर्शक काचेच्या बाटलीतून माल विकायचा, आत भेसळ नाही हे गिऱ्हाइकाला दिसावं म्हणून. पुढे १९०६ साली अमेरिकेत शुद्ध अन्नाचा कायदा आला, त्याला उघड पाठिंबा देणाऱ्या मोजक्या कारखानदारांत तो होता. काकडी फक्त दारापर्यंत आणणार, आत बसवायचं काम मालानेच करायचं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मी स्वतः एका सॉफ्टवेअर प्रदर्शनात दोन दिवस स्टॉलवर उभा राहिलोय. आमच्याकडेही चाक होतं. रांग अशी, की शेजारचे हेव्याने बघत होते. पण चाक फिरवून बाटली घेतलेला माणूस डेमोच्या स्क्रीनकडे ढुंकूनही बघत नव्हता, आणि त्याचा काय दोष? पायऱ्याच नव्हत्या, आणि बाटलीचा आमच्या सॉफ्टवेअरशी काडीचा संबंध नव्हता. आमच्या हाती उरली ती फक्त फोन नंबरांची यादी.

मला खरं टोचतं ते हे. १८९३ च्या पाहुण्याने भेटीच्या बदल्यात काय दिलं? पायांचे कष्ट आणि पाच मिनिटं. काकडी घेतली, विषय संपला. आजचा पाहुणा बाटलीच्या बदल्यात नाव, कंपनी, हुद्दा, मोबाइल, ईमेल देऊन जातो, आणि पुढचे सहा महिने फोन घेत बसतो. २०२३ साली आपल्याकडे वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा संमत झाला, त्यात माहिती कशासाठी घेताय ते सांगून संमती घ्या असं म्हटलंय. पण कायद्याच्या आधी साध्या व्यवहाराची गोष्ट आहे. हाइन्झने गिऱ्हाइकाला चार पायऱ्या जास्त चढायला लावलं आणि ओझं हलकं ठेवलं. आपण पायऱ्या काढून टाकल्या आणि ओझं त्याच्या घरी पाठवलं.

तेव्हा पुढच्या वेळी स्टॉलसाठी काय वाटायचं यावर मीटिंग बसली, तर 'कुठली वस्तू स्वस्त पडेल' याच्याआधी 'लोक वर चढून आले तर त्यांना चाखायला काय ठेवलंय' एवढं विचारून बघा. उत्तर नसेल, तर चाक फिरवून उपयोग नाही.

बाकी ती काकडी काही संपली नाही. पुढे तिची पिन झाली, अटलांटिक सिटीच्या समुद्रात बांधलेल्या हाइन्झच्या धक्क्यावर ती १९४४ च्या वादळात धक्काच मोडेपर्यंत वाटली जायची. आणि आपल्याकडे? मागच्या वर्षीची स्टीलची बाटली कुठल्या कंपनीची होती, आठवतंय का बघा!