हलगी आमची, ताल कुणाचा?

खर्डा म्हटलं की शाळेच्या पुस्तकातली १७९५ ची लढाई आठवते. मराठे जिंकले, निजाम हरला, मुलांनी सनावळ पाठ केली. त्या लढाईतला कळंबीचा शिदनाक महार मात्र त्या पानावर नसतो. त्याचा तंबू आपल्या तंबूंजवळ नको म्हणून छावणीत कुरकुर झाली, आणि त्याच शिदनाकानं परशुरामभाऊ पटवर्धनांचा जीव वाचवला, अशी हकिकत सांगतात. तलवार हवी, तंबू नको. आम्हाला आज बोलायचं आहे संगीताबद्दल, पण सुरुवात इथूनच करावी लागते. कारण हलगीच्या बाबतीत गावानं नेमकं हेच केलं.

लग्न, जत्रा, मिरवणूक, मयत. हलगीवाचून गावाचं काही अडल्याशिवाय राहत नव्हतं. पण महार-मांगांचं वाजवणं कला म्हणून कुणी धरलंच नाही, ते गावकीचं काम होतं. वाजवणारा ‘हा ताल माझा’ म्हणू शकत नव्हता. म्हणून बाबासाहेबांच्या चळवळीत गावकी सोडताना कित्येकांनी वाद्यंही खाली ठेवली. पुढे भीमराव कर्डकांच्या जलशांतून, वामनदादांच्या गाण्यांतून तोच ताल मानानं परत आला, हे वाचकांना आम्ही नव्यानं सांगायला नको.

आता हिप-हॉपकडे येऊ. त्यात शब्द फेकणारा रॅपर सगळ्यांना दिसतो. ज्या ठेक्यावर तो शब्द फेकतो, ते बीट रचणारा म्हणजे प्रोड्युसर. १९७३ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये डीजे कूल हर्क या तरुणानं दोन तबकड्या लावून गाण्यातला फक्त तालाचा तुकडा लांबवत नेला, तिथून ही गोष्ट सुरू होते. त्याच्या आदल्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली होती. अमेरिकेतल्या काळ्या पँथरांचं नाव आपण घेतलं, कविता पेटवली. त्यांचा ताल आपल्या वस्त्यांत रुजायला मात्र चाळीसेक वर्षं गेली. २०१४ मध्ये कुर्ल्याच्या नेझीनं एका आयपॅडवर ‘आफत’ केलं, आणि स्टुडिओचं भाडं हा अडसर उरला नाही.

पुण्याच्या ताडीवाला रोडवरचा अल्ताफ शेख, म्हणजे एमसी स्टॅन, याच वाटेनं आला. जन्म १९९९ चा. लहानपणी कव्वाली, मग रॅप. ‘वाटा’ (२०१८) या गाण्यानं नाव झालं. २०२० च्या ‘तडीपार’ अल्बममध्ये शब्द त्याचे, आवाज त्याचा आणि बीटही त्याचंच. तडीपार हा शब्द पोलीस ठाण्याच्या कागदावरचा. वस्तीतल्या पोरांना त्याचा अर्थ शब्दकोशात बघावा लागत नाही. भाषा पुण्याच्या झोपडपट्टीची, ती त्यानं कुणासाठी धुऊन-पुसून घेतली नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो ‘बिग बॉस’ जिंकला तेव्हा अनेक सुसंस्कृत नाकं मुरडली.

तो आंबेडकरी कलावंत नाही आणि आम्ही त्याला ओढूनताणून तसा करणार नाही. त्याच्या गाण्यांत बाईबद्दल जे येतं ते आम्हाला मान्य नाही. गळ्यातल्या साखळ्यांचं कौतुकही आम्हाला नाही. ‘मी वर आलो’ यात ‘आम्ही’ कुठे, हा प्रश्न उरतोच. तरीही आमच्या कार्यकर्त्यांनी त्याला नुसतं धिंगाणा म्हणून सोडून देऊ नये. वस्तीतला पोरगा शब्दाचा आणि तालाचा दोन्हीचा धनी होतो, ही गोष्ट गावकीच्या इतिहासात कधी घडू दिली नव्हती. जलशानं मान मिळवला, मालकी त्याच्याही वाट्याला फारशी आली नाही. इतरांनी कॅसेट विकल्या, शाहीर भाड्याच्या खोलीत राहिले.

पण मालकी शहरात. २८ एप्रिल २०१४ रोजी खर्ड्यात नितीन आगेची हत्या झाली. वय सतरा, स्टॅनपेक्षा जेमतेम तीन वर्षांनी मोठा. सवर्ण मुलीशी बोलल्याच्या संशयावरून त्याला मारलं. साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या सत्र न्यायालयानं आरोपींना निर्दोष सोडलं. याच जिल्ह्यात, शिर्डीत, मे २०१५ मध्ये सागर शेजवळ मारला गेला. फिर्यादीत कारण होतं मोबाईलवर वाजलेली भीमगीताची रिंगटोन.

बीट बनवायला आज जामखेड तालुक्यातल्या पोरालाही स्वस्त लॅपटॉप पुरतो, आणि पोरं बनवतातही. आमच्या संघटनांनी जयंतीच्या वर्गणीतून डीजेच्या भिंती भाड्यानं आणण्याऐवजी या पोरांना एक खोली, एक माईक द्यावा. आणि ते गाणं खर्ड्याच्या चौकात मोठ्या आवाजात वाजेल त्या दिवशी सोबत उभं राहायला माणसं लागतील, त्यांची यादी आत्ताच करावी.