पर्युदर रासायनी चिकित्सा व गृहशुश्रूषा

उदरपोकळीच्या आतील अस्तराला पर्युदर म्हणतात. अंडाशयाचा कर्करोग बहुधा याच अस्तरावर पसरतो. म्हणून कर्करोगविरोधी औषध केवळ नीलेतून न देता सरळ उदरपोकळीत सोडण्याच्या पद्धतीस पर्युदर रासायनी चिकित्सा असे म्हणतात.

१९५५ मध्ये अमेरिकेत ए. एस्. वाइसबर्गर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पोटात साचणारे कर्करोगजन्य पाणी आटोक्यात ठेवण्यासाठी नायट्रोजन मस्टर्ड वापरले. हेतू उपशमनाचाच होता. १९७८ मध्ये आर्. एल्. डेड्रिक प्रभृतींनी दाखविले की, पुष्कळ द्रवातून पोटात दिलेले औषध रक्तात सावकाश शिरते, पण रक्तातून त्या मानाने लवकर निघून जाते. त्यामुळे पोकळीतील त्याची संहती कितीतरी अधिक राहते. मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या अपोहनासाठी तयार झालेली टेंकॉफ नळी याकामी उपयोगी पडली. पुढे त्वचेखाली बसविण्याची कुपी (पोर्ट) आली. नळीचे टोक शरीराबाहेर राहीनासे झाले आणि दोन मात्रांमधील काळ रुग्णाला घरी काढणे सुकर झाले.

घरातील या काळाचे महत्त्व २००६ मध्ये डी. के. आर्मस्ट्राँग प्रभृतींच्या चाचणीने उघड केले. नीलेतून दिलेल्या उपचारात मध्यक आयुर्मान ४९.७ महिने, तर पर्युदर उपचाराच्या गटात ६५.६ महिने आढळले. मात्र या दुसऱ्या गटातील अवघ्या ४२ टक्के स्त्रियांनी सहाही पर्युदर मात्रा पूर्ण केल्या. नळीचे उपद्रव हे उपचार सोडण्याचे प्रमुख कारण होते. पोटदुखी, मळमळ व थकवा यांचीही भर होती.

मात्रेबरोबर सुमारे दोन लिटर द्रव पोटात जातो व तो काढून न घेता काही दिवसांत शोषला जातो. तोवर पोट फुगलेले व जड वाटते; सैल कपडे आणि थोडेथोडे खाणे यांनी आराम पडतो. या दिवसांत कडक पथ्य वा उपास करणे चुकीचेच होय. सिसप्लॅटिन मूत्रपिंडांना अपायकारक असल्याने, वैद्याने मनाई केली नसल्यास, पाणी भरपूर प्यावे. निदान पहिले ४८ तास मलमूत्र व ओकारी हाताळताना शुश्रूषा करणाऱ्याने रबरी हातमोजे घालावेत व माखलेले कपडे वेगळे धुवावेत. ताप ३८° से. किंवा अधिक असल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे, कारण श्वेत कोशिका घटलेल्या असताना संसर्ग झपाट्याने बळावतो. तापमान पाहण्यापूर्वी पॅरासिटामॉल घेतल्यास ताप झाकला जातो. कुपीभोवतीची लाली, वाढती पोटदुखी, पाणीही न ठरणारी ओकारी, लघवी कमी होणे आणि वायू व शौच बंद होऊन पोट ताठणे ही लक्षणेही तितकीच निकडीची असतात.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सर्व गटांना बेव्हॅसिझुमॅब दिले असता पर्युदर मार्गाचा वेगळा लाभ दिसला नाही. त्याआधी, २०१८ मध्ये, शस्त्रक्रियेच्या शेवटी ४०° से. तापमानाचे सिसप्लॅटिन ९० मिनिटे पोटात फिरविण्याच्या पद्धतीने नेदर्लंड्समधील संशोधकांना अनुकूल फल मिळाले होते. तीत औषध एकदाच दिले जाऊन काढून घेतले जाते. घरी उरते ती मुख्यतः मोठ्या शस्त्रक्रियेनंतरची शुश्रूषा.