रूप बदलणारे घड्याळ : सुट्या भागांची दोनशे वर्षे

१/
१९८६ साली स्वॉच या स्विस कंपनीने ‘पॉप स्वॉच’ नावाचे एक मनगटी घड्याळ बाजारात आणले. त्याचा गोल दर्शनी भाग पट्ट्यातील चौकटीतून दाबून बाहेर काढता येत असे. मग तो दुसऱ्या रंगाच्या पट्ट्यात बसवावा, कॉलरला लावावा किंवा खिशाच्या कडेला अडकवावा. घड्याळ तेच, रूप मात्र रोज नवे. #इतिहास #धागा

२/
ही कल्पना फॅशनच्या दुनियेतली वाटते. तिची मुळे मात्र अठराव्या शतकातील बंदुकांच्या कारखान्यांत आहेत. तिथून मनगटापर्यंतच्या प्रवासात एक विलक्षण उलटापालट झाली. आरंभी घड्याळाचे अंतरंग बदलता येऊ लागले. अखेरीस बाह्यरूप हवे तसे बदलता येऊ लागले आणि अंतरंगाला कायमचे टाळे लागले. हा धागा त्या उलटापालटीचा आहे.

३/
प्रथम बंदूक. हाताने घडवलेल्या बंदुकीचा प्रत्येक भाग त्याच बंदुकीपुरता कानशीने घासून बसवलेला असे. रणांगणावर चाप मोडला तर शेजारच्या सैनिकाच्या मोडक्या बंदुकीतील चाप तिथे बसत नसे. कुशल कारागीर मिळेपर्यंत ते शस्त्र निव्वळ लोखंड आणि लाकूड होऊन राही.

४/
फ्रेंच कारागीर ओनोरे ब्लाँ याने यावर उपाय शोधला. १७८५ मध्ये अमेरिकेचे पॅरिसमधील राजदूत थॉमस जेफरसन यांनी त्याचे काम पाहिले. सुट्या केलेल्या पन्नास चापयंत्रांचे भाग कप्प्यांत मांडलेले होते. जेफरसन यांनी हाताला येतील ते भाग उचलून स्वतः काही यंत्रे जुळवली आणि ती बिनचूक बसली. ३० ऑगस्ट १७८५ रोजी जॉन जे यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी हा अनुभव नोंदवला आहे.

५/
पुढच्या अर्धशतकात अमेरिकेच्या हार्पर्स फेरी आणि स्प्रिंगफील्ड येथील सरकारी शस्त्रागारांनी हे तंत्र रुजवले. साचे, मापक पट्ट्या आणि एकाच कामासाठी बनवलेली यंत्रे ही त्याची साधने होती. अचूकता कारागिराच्या हातातून यंत्राच्या मापात गेली. एका कारखान्यातून बाहेर पडलेला कोणताही भाग त्या जातीच्या कोणत्याही बंदुकीत बसावा, हे त्याचे ध्येय होते.

६/
स्प्रिंगफील्डचे हे काम पाहून ॲरन डेनिसन या घड्याळजीच्या मनात प्रश्न उभा राहिला : बंदुकीचे जमते, तर खिशातील घड्याळाचे का जमू नये? १८५० मध्ये एडवर्ड हॉवर्ड आदी भागीदारांसह त्याने बॉस्टनजवळ रॉक्सबरी येथे कारखाना सुरू केला. १८५४ मध्ये तो चार्ल्स नदीकाठच्या वॉल्थम गावी हलवला.

७/
धाडस मोठे होते. बंदुकीच्या भागात केसभर फरक चालून जातो. घड्याळाच्या चक्राचा आसच मुळी केसाएवढा. १८५७ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले आणि रॉयल रॉबिन्स याने ती लिलावात विकत घेतली. आरंभीच्या वॉल्थम घड्याळांचे सगळे भाग जसेच्या तसे अदलाबदल करता येत, असे म्हणणे अतिशयोक्त ठरेल. पण दिशा ठरली होती.

८/
अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१–६५) या कारखान्याला तारले. ‘विल्यम एलरी’ हे वॉल्थमचे स्वस्त आणि टणक घड्याळ सैनिकांत लोकप्रिय झाले. बंदुकीसाठी जन्मलेली पद्धत आता बंदूकधाऱ्याच्या खिशात टिकटिक करू लागली.

९/
आता या कथेतील एक दुर्लक्षित वळण. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील बरेच कारखाने पूर्ण घड्याळ विकतच नसत. ते फक्त आतले यंत्र विकत. आपल्याकडे घड्याळजी ज्याला ‘मशीन’ म्हणतात, ते. कवच दुसरी कंपनी बनवी. ग्राहक पेढीवर जाऊन आधी यंत्र निवडी, मग ऐपतीप्रमाणे चांदीचे, सोन्याचे किंवा सोन्याच्या पत्र्याचे कवच. आणि दुकानदार ते दोन्ही समोरच जोडून देई.

१०/
हे शक्य झाले ते ठरावीक मापांमुळे. यंत्रांचे आकार क्रमांकांनी ओळखले जात : १८ क्रमांकाचे यंत्र सुमारे ४४.९ मिलिमीटर व्यासाचे, १६ क्रमांकाचे सुमारे ४३.२ मिलिमीटर. माप पाळले की निरनिराळ्या कंपन्यांचे कवच आणि यंत्र एकत्र येत. म्हणजे ‘आपल्या आवडीचे रूप’ ही सोय पॉप स्वॉचच्या शंभर वर्षे आधी अस्तित्वात होती, आणि तेव्हा अंतरंगही तितकेच खुले होते.

११/
याचा हादरा स्वित्झर्लंडला बसला. तिथे जुरा पर्वतातील घराघरांत घड्याळांचे भाग बनत आणि शेवटी कुशल हात ते एकमेकांना जुळवून घेत. १८७२ ते १८७६ या काळात अमेरिकेला होणारी स्विस निर्यात मूल्याने जवळपास चौथ्या हिश्शावर आली. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनाच्या निमित्ताने लाँजिन कंपनीचे अभियंते झाक दाविद अमेरिकेत गेले. अमेरिकी कारखाने पाहून त्यांनी लिहिलेला अहवाल दीर्घकाळ गोपनीय राहिला.

१२/
अहवालाचा मथितार्थ स्पष्ट होता : यंत्रे स्वीकारा, नाहीतर बाजार गमवा. स्विस उद्योगाने हळूहळू ते स्वीकारले आणि विसाव्या शतकात पुन्हा अग्रस्थान मिळवले. पहिल्या महायुद्धात घड्याळ खिशातून मनगटावर आले. पट्टा अडकवण्यासाठी सुरुवातीला तारेच्या पक्क्या कड्या असत; पुढे स्प्रिंगची बारीक पिन आली आणि पट्टा बदलणे घरच्या घरी जमू लागले. रूप बदलण्याचे पहिले साधन सामान्य माणसाच्या हाती आले ते हे.

१३/
मग दुसरे संकट आले. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेइको कंपनीने ‘ॲस्ट्रॉन’ हे क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस आणले. विजेरीवर चालणारी अशी घड्याळे पुढे वेगाने स्वस्त होत गेली. १९७० मध्ये स्विस घड्याळ उद्योगात सुमारे ९०,००० माणसे होती. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती तीस हजारांच्या आसपास उरली. जुरातील गावेच्या गावे ओस पडू लागली.

१४/
या पडझडीत एटा कंपनीचे प्रमुख अर्न्स्ट थॉमके यांच्या हाताखाली एल्मार मॉक आणि झाक म्युलर या दोन तरुण अभियंत्यांनी प्लॅस्टिकचे घड्याळ रचले. नेहमीच्या क्वार्ट्झ घड्याळात नव्वदहून अधिक भाग असत; यात केवळ ५१. स्वतंत्र तळपाट नव्हतीच. कवचाचा तळ हीच तळपाट, आणि त्यावर वरच्या बाजूने यंत्र थेट रचलेले.

१५/
निर्णायक गोष्ट शेवटच्या टप्प्यात होती. काच कवचावर ठेवून ध्वनितरंगांच्या कंपनाने ती कायमची सांधली जाई. पाठीमागे उघडायला झाकण नाही. नाण्याने फिरवायची विजेरीची खाच तेवढी. त्यामुळे पाणी आत जाईना आणि जोडणीचा खर्चही घटला. पण घड्याळ बिघडले की दुरुस्ती नाही. ते बदलून नवे घ्यायचे. १ मार्च १९८३ रोजी झुरिकमध्ये १२ नमुन्यांसह स्वॉच जगासमोर आले.

१६/
आतले यंत्र एकच राहिल्याने वेगळेपण फक्त तबकडी, काटे, कवच आणि पट्टा यांच्या रंगांतून येऊ शकत होते. कंपनीने ती मर्यादाच भांडवल केली. कपड्यांप्रमाणे वर्षातून दोनदा नवे संग्रह येऊ लागले. काचेवर चढवायची रंगीत प्लॅस्टिकची संरक्षक कडी आली. कीथ हेरिंगसारख्या चित्रकाराने तबकड्या रंगवल्या.

१७/
पॉप स्वॉच हे या विचाराचे पुढचे पाऊल होते. आजवर रंगसंगती संकल्पनकार ठरवत. आता अखेरची निवड घालणाऱ्याकडे आली. याच काळात ‘गुच्ची’ नावाने विकली जाणारी, काचेभोवतीची रंगीत कडी बदलता येणारी स्त्रियांची घड्याळेही लोकप्रिय होती. एका डबीत एक घड्याळ आणि अनेक रंगांची कडी. पोशाखाप्रमाणे हवे ते कडे चढवायचे.

१८/
इथे वॉल्थमच्या ग्राहकाची आठवण ठेवावी. त्याने कवच निवडले, पण त्याच्या गावातील घड्याळजी ते उघडून मोडलेला आसही बदलू शकत होता. पॉप स्वॉचच्या ग्राहकाला पट्ट्यांची निवड कितीतरी मोठी मिळाली आणि घड्याळजी मात्र या व्यवहारातून बाहेर पडला. बुडता उद्योग याच रचनेने वाचवला, हेही तितकेच खरे. दोन्ही गोष्टी एकाच सांध्यातून आल्या.

१९/
मुंबईतील दुरुस्तीच्या बाजाराने याच्या नेमकी उलट वाट चोखाळली. फाव्र-ल्युबा ही स्विस कंपनी १८६५ पासून मुंबईत होती. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने भारतात घड्याळे बनवायला आरंभ केला. जनता, पायलट अशा अनेक एचएमटी नमुन्यांत चावीचे एकाच घराण्याचे यंत्र होते. साहजिकच एकाचा भाग दुसऱ्यात सहज बसे.

२०/
त्यामुळे जुन्या घड्याळांचा एक स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला : एकाचे यंत्र, दुसऱ्याचे कवच आणि नव्याने भडक रंगवलेली तबकडी. जगभरचे संग्राहक अशा घड्याळाला काहीशा तुच्छतेने ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. अस्सल म्हणून विकले तर ती फसवणूकच. पण वेळ दाखवण्याच्या निकषावर पाहिले, तर भंगारात जाणारी यंत्रे पुन्हा चालती करणारे ते कौशल्य होते.

२१/
आज हेच काम प्रतिष्ठेने केले जाते. १९९६ मध्ये आलेल्या सेइको एसकेएक्स००७ या पाणबुड्यांच्या घड्याळाभोवती हौशी लोकांचा मोठा समुदाय जमला. तबकडी, काटे, कडे, काच सगळे सुटे मिळते. एनएच३५ हे सेइकोचे यंत्रही स्वतंत्र विकत मिळते. घरच्या टेबलावर चिमटा आणि भिंग घेऊन बसलेला हा हौशी आणि मुंबईचा कारागीर एकच क्रिया करतात. एकाचे नाव छंद, दुसऱ्याचे ‘जुगाड’.

२२/
दुसरीकडे २०१५ मध्ये आलेल्या ॲपल वॉचचा पट्टा बोटाच्या दाबाने निघतो, आतली विजेरी मात्र डिंकाने बंद केलेल्या पेटीत असते. हा पॉप स्वॉचचाच वारसा. ‘दुरुस्तीचा अधिकार’ म्हणून आज जो वाद जगभर चालू आहे, त्याची पूर्वपीठिका या दोनशे वर्षांत आहे. एखाद्या वस्तूचे भाग ‘बदलता येतात’ असे कोणी सांगितले, तर दोन प्रश्न विचारावेत : कोणते भाग, आणि कोणाला?

२३/
घरात आजी-आजोबांचे चावीचे घड्याळ पडून असेल, तर ते एकदा जाणत्या घड्याळजीकडून उघडून पाहावे. कवच, तबकडी आणि मशीन एकाच वेळी जन्मलेली असतीलच असे नाही. एखादा भाग मागाहून आला असेल, तर तो दोष समजण्याचे कारण नाही. कुणीतरी ते कधीकाळी टाकून न देता दुरुस्त केले, याचा तो पुरावा आहे.

(धागा समाप्त)