कुंपणावरचा निवडुंग कुंडीत कसा आला?

अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पर्यंत ज्याला आपण अहमदनगर म्हणत होतो त्या जिल्ह्यात, पारनेर, पाथर्डी किंवा जामखेडच्या बाजूला एखाद्या जुन्या गावठाणाभोवती चक्कर मारली, तर पडक्या भिंतीच्या आडोशाला फड्या निवडुंगाचे बेट अजूनही दिसते. चपटे हिरवे फडे, त्यांवर काटे आणि उन्हाळ्याच्या सुमाराला लालभडक बोंडे. हे झाड इतके ओळखीचे आहे की ते या मातीतलेच, पूर्वापारचे असे कोणालाही वाटेल. पण १४९० च्या सुमारास अहमद निजामशाहाने सीना नदीकाठी आपले नगर वसवायला घेतले, तेव्हा या झाडाचा एकही फडा साऱ्या आशिया खंडात नव्हता. कोलंबस अमेरिकेला पोहोचला तो १४९२ मध्ये, आणि फड्या निवडुंग हा अस्सल अमेरिकन आहे.

आज हेच घराणे छोट्या कुंड्यांतून आपल्या खिडकीत आणि शाळेच्या व्हरांड्यात येऊन बसले आहे. कुंडीतला निवडुंग कसा सांभाळावा हे समजायचे असेल तर त्याचा इथवरचा प्रवास पाहणे उपयोगाचे ठरते. ज्या गुणांमुळे तो दुष्काळात उपयोगी पडला, त्याच गुणांमुळे तो उपद्रवी ठरला आणि त्याच गुणांमुळे आपल्या खिडकीत तग धरतो.

एका नावाखाली दोन घराणी

मराठीत आपण ज्यांना ज्यांना निवडुंग म्हणतो ते सगळे एका कुळातले नाहीत. आपल्या डोंगरउतारांवरचा तीनधारी निवडुंग हा यूफोर्बिया कुळातला, म्हणजे एरंडाचा नातेवाईक. फड्या निवडुंग मात्र कॅक्टस कुळातला. अमेरिकेतून तो आला तेव्हा लोकांनी त्याला आपल्या निवडुंगांच्या यादीत बसवून टाकले आणि नागाच्या फड्यासारखा दिसतो म्हणून ‘फड्या’ हे विशेषण जोडले.

दोघांना ओळखण्याची खूण सोपी आहे. यूफोर्बियाच्या खोडाला जखम झाली की पांढरा चीक येतो. हा चीक त्वचेला पोळतो आणि डोळ्यात गेल्यास गंभीर इजा करतो, तेव्हा विद्यार्थ्यांना खोड मोडून पाहायला सांगू नये. कॅक्टसच्या अंगावर लवदार गादीसारखे बारीक ठिपके असतात. काटे, फुले आणि नवे फडे हे सारे त्या ठिपक्यांतूनच निघतात. असा ठिपका दुसऱ्या कोणत्याही वनस्पतीकुळात नसतो.

मग दोन वेगळी कुळे एकमेकांसारखी का दिसतात? कारण दोघांपुढचा प्रश्न एकच होता: पाऊस थोडा आणि ऊन फार. दोघांनी पाने टाकून दिली किंवा कमी केली, खोड हिरवे आणि मांसल केले, त्यात पाणी साठवले. परिस्थिती सारखी असली की उत्क्रांतीतून मिळणारी उत्तरेही सारखी असू शकतात, याचे इतके जवळचे उदाहरण शाळेला क्वचितच मिळेल.

लाल रंगाच्या शोधात

निवडुंगाची भारतातील गोष्ट एका किड्याशी जोडलेली आहे. मेक्सिकोत फड्या निवडुंगावर कोशिनील नावाचे कीटक पाळत. पिठ्या ढेकणासारखा दिसणारा हा कीटक चिरडला की किरमिजी रंग मिळतो. या रंगाच्या व्यापारावर स्पेनची मक्तेदारी होती आणि युरोपात त्याला मोठी किंमत येई. ईस्ट इंडिया कंपनीला हा धंदा भारतात हवा होता. मद्रासमधले कंपनीचे डॉक्टर जेम्स अँडरसन यांनी १७८० च्या दशकात त्यासाठी खटपट सुरू केली आणि निवडुंगाची बागही उभारली.

१७९५ मध्ये कॅप्टन नील्सन याने ब्राझीलहून कोशिनील कीटक कलकत्त्याला आणले. पण ते मेक्सिकोतले पाळीव कोशिनील नव्हते. ती एक रानटी जात होती आणि तिच्यापासून मिळणारा रंग हलका निघाला. धंदा बुडाला. मात्र या कीटकाने त्या काळी भारतात पसरलेल्या निवडुंगाच्या एका जातीचा फडशा पाडला. आणलेला कीटक एखाद्या उपद्रवी झाडाला आटोक्यात ठेवू शकतो, हा धडा जगाला अशा रीतीने चुकून मिळाला. १८६३ मध्ये हा कीटक मुद्दाम श्रीलंकेला नेण्यात आला, तो निवडुंग मारण्यासाठीच.

कुंपण, वैरण आणि उपद्रव

एक जात हटली, तरी दुसऱ्या जाती राहिल्या. या कीटकाला त्या मानवत नव्हत्या. एकोणिसाव्या शतकात त्यांनी दख्खन व्यापले. यात माणसाचा हातभार मोठा होता. शेताच्या बांधावर एक फडा खोचला की दोनचार वर्षांत गुरांना ओलांडता न येणारे कुंपण तयार होई. त्याला ना पाणी लागे, ना खर्च.

आपल्या जिल्ह्यात हे का जमले ते पावसाच्या आकड्यांवरून कळते. अकोले तालुक्याच्या पश्चिमेला घाटघरच्या परिसरात मुसळधार पाऊस पडतो, पण सह्याद्री मागे टाकून पूर्वेला आलो की बहुतेक तालुक्यांत सरासरी पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपासच पाऊस असतो, तोही बेभरवशाचा. १८७६ ते १८७८ आणि पुन्हा १८९६ ते १९०० या काळात दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळले. कडबा संपला, गवत उरले नाही, गुरे दावणीला मरू लागली. अशा वेळी हिरवे असे काही उभे होते ते कुंपणावरचे निवडुंग. फडे आगीवर धरून काटे जाळायचे, तुकडे करायचे आणि जनावरापुढे टाकायचे, हा उपाय दख्खनमध्ये दुष्काळात वापरला गेला.

या वैरणीची मर्यादाही ध्यानात घ्यायला हवी. फड्यात दहातले जवळजवळ नऊ भाग पाणीच असते. प्रथिने फार थोडी. नुसत्या निवडुंगावर ठेवलेले जनावर ढाळू लागते. सोबत थोडा कडबा किंवा भुसा, शिवाय पेंड मिळाली तरच त्याचा निभाव लागतो. म्हणजे निवडुंग गुराला पोसत नाही, पण पाणी आणि थोडी ऊर्जा देऊन वाईट महिने पार करून देतो.

दुष्काळ सरला की हेच झाड डोईजड होई. मोडून पडलेला प्रत्येक फडा मुळे धरतो. बोंडे खाणारे पक्षी बिया दूरवर टाकतात. तोडून टाकलेल्या ढिगातूनच नवे बेट उगवते. गावकुसाभोवती साप-विंचवांना आसरा मिळे आणि गायराने व्यापली जात. ऑस्ट्रेलियात तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोट्यवधी एकर जमीन निवडुंगाखाली गेली. तिथे १९२५-२६ मध्ये दक्षिण अमेरिकेतला कॅक्टोब्लास्टिस हा पतंग सोडला गेला. त्याच्या अळ्यांनी पुढच्या सात-आठ वर्षांत बहुतेक जमीन मोकळी केली.

भारतात हे काम पुन्हा एका कोशिनील कीटकानेच केले, पण वेगळ्या जातीच्या. १९२६ मध्ये तो श्रीलंकेहून दक्षिण भारतात आणला गेला. पुढच्या काही वर्षांत त्याने निवडुंगाची मोठमोठी राने वाळवली. आज गावठाणाजवळ राने न दिसता तुरळक बेटेच दिसतात, यामागचे मोठे कारण हा कीटक आहे. एखाद्या फड्यावर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले, तर काडीने त्यातला एक चिरडून पाहा. लाल रंग निघाला, तर तो कोशिनील.

या यशाची दुसरी बाजूही मुलांना सांगावी. ऑस्ट्रेलियात ज्याचे कौतुक झाले तो कॅक्टोब्लास्टिस पतंग १९८९ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडात आढळला. तिथे निवडुंग हा उपद्रव नसून स्थानिक वनस्पती आहे आणि तिच्या जातींना आता त्याच्यापासून धोका आहे. कीटकाला देशांच्या सीमा आणि आपले हेतू कळत नाहीत.

पुन्हा शेताकडे

काट्यांचा जाच नसलेला निवडुंग मिळाला तर? कॅलिफोर्नियात ल्यूथर बरबँक यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बिनकाट्यांचे वाण बाजारात आणले आणि त्याचा मोठा गाजावाजा झाला. मात्र अशा झाडाला कुंपण करावे लागते, कारण काटे नसले की गुरे आणि रानातली जनावरे त्याला उरू देत नाहीत. महाराष्ट्रात फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात बिनकाट्यांचा निवडुंग वैरणीसाठी आणला. दुष्काळी भागात शेळ्यांसाठी हिरवी वैरण हा त्यामागचा विचार.

दरम्यान कॅक्टस कुळातली आणखी एक वनस्पती आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी उचलली आहे. सिमेंटच्या खांबांवर चढवलेल्या ड्रॅगन फ्रूटच्या बागा आता अनेक ठिकाणी दिसतात. हाही अमेरिकेतून आलेला वेलीसारखा कॅक्टसच. त्याची फुले रात्री उमलतात.

रात्री उघडणारी दारे

निवडुंगाला एवढे कमी पाणी कसे पुरते? याच्या उत्तराचा एक धागा भारतातच सापडला. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतले जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइने यांनी पानफुटीची पाने चाखून पाहिली. सकाळी ती आंबट लागत, दुपारपर्यंत बेचव होत. त्यांचे हे निरीक्षण १८१५ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

कारण कळायला बराच काळ गेला. बहुतेक झाडे दिवसा पर्णरंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात, आणि त्याच दारांतून पाणी उडून जाते. पानफुटी, निवडुंग आणि इतर अनेक मांसल वनस्पती ही दारे रात्री, हवा थंड असताना उघडतात. आत आलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात. दिवसा दारे बंद ठेवून त्या आम्लातून वायू मोकळा करतात आणि सूर्यप्रकाशात अन्न बनवतात. सकाळचा आंबटपणा हा रात्रीच्या साठ्याचा.

हा प्रयोग शाळेत सहज होतो, पण पाने चाखू मात्र नयेत, कारण पानफुटीत विषारी द्रव्येही असतात. संध्याकाळी पाच ग्रॅम पाने ठराविक पाण्यात वाटून गाळून घ्या. त्यात फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाका आणि सोडियम हायड्रॉक्साइडचे अगदी सौम्य द्रावण थेंबाथेंबाने घालत गुलाबी रंग येईपर्यंत थेंब मोजा. दुसऱ्या दिवशी सूर्योदयाच्या वेळी त्याच झाडाची तेवढीच पाने घेऊन पुन्हा मोजा. सकाळी जास्त थेंब लागतील. द्रावण शिक्षकांनी स्वतः हाताळावे.

कुंडीतल्या पाहुण्याची निगा

निवडुंग जमवण्याचा छंद युरोपातल्या काचघरांतून वाढला आणि विसाव्या शतकात आपल्याकडेही रुजला. हरियाणात पंचकुला येथे १९८७ मध्ये कॅक्टस आणि मांसल वनस्पतींचे राष्ट्रीय उद्यान उभे राहिले. आता तर तालुक्याच्या नर्सरीतही डझनभर प्रकार मिळतात. ते जगवण्याचे नियम वरच्या इतिहासातूनच निघतात.

माळावर पाणी साचत नाही, म्हणून कुंडीतही साचू नये. तळाला भोक हवेच. एक भाग माती, एक भाग जाड वाळू, एक भाग विटांचे बारीक तुकडे आणि थोडे कुजलेले शेणखत हे मिश्रण चालते. नुसती काळी माती घालू नये, ती पाणी धरून ठेवते आणि मुळे कुजतात.

पाणी रोज थोडे थोडे देऊ नका. एकदा भरपूर द्या, मग माती पूर्ण कोरडी होईपर्यंत थांबा. हिवाळ्यात त्याहून कमी. आपल्याकडे कुंडीतले निवडुंग तहानेने क्वचित मरतात. पावसाळ्यात लागून राहिलेली झड त्यांना मारते, म्हणून त्या दिवसांत कुंड्या छपराखाली घ्याव्यात. सकाळचे ऊन चांगले, पण एप्रिल-मे मधले दुपारचे ऊन छोट्या कुंडीला भाजून काढते, तेव्हा थोडी सावली करावी.

मोडलेला फडा रुजतो हे गावकऱ्यांना माहीत होते. कुंडीसाठी मात्र कापलेला तुकडा आठ-दहा दिवस सावलीत ठेवून जखम सुकू द्यावी, मगच लावावा. पिठ्या ढेकूण दिसला तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून काढावा.

लाल-पिवळ्या गोळ्याचे ‘चंद्र कॅक्टस’ नर्सरीत दिसतात. त्या गोळ्यात हरितद्रव्य नसते. तो खालच्या हिरव्या कॅक्टसवर कलम केलेला असतो आणि त्याच्याच जिवावर जगतो. ही कलमे १९४० च्या दशकात जपानमध्ये पुढे आली. ती थोड्या वर्षांत मरतात, तेव्हा निगा चुकली असे वाटून घेऊ नये.

शाळेत कुंड्या ठेवताना केसासारखी बारीक कुसळे असलेले फड्याचे प्रकार लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा जागी ठेवावेत. ही कुसळे कातडीत रुतली की चिमट्यानेही नीट निघत नाहीत. छाटलेले फडे ओढ्याकाठी किंवा माळावर फेकू नयेत. ते उन्हात पूर्ण वाळवून नष्ट करावेत, कारण दख्खनमधल्या राना-रानांची सुरुवात अशाच टाकलेल्या तुकड्यांतून झाली होती.

आणि छंदासाठी डोंगरावरची माकडशिंग किंवा खर्पुडी उपटून आणू नये. माकडशिंग ही आपली देशी मांसल वनस्पती आहे. अर्क काढण्यासाठी तिला बाजारात मागणी आली आहे. खर्पुडीच्या काही जाती तर महाराष्ट्राबाहेर कुठेच नाहीत. परदेशातून आलेला निवडुंग फेकला तरी उगवतो. या वनस्पती मात्र उपटल्या की त्या टेकडीवरून जातात. सहलीत विद्यार्थ्यांना त्या जागेवरच दाखवाव्यात, त्यांची चित्रे काढून घ्यावीत, आणि कुंडीसाठी नर्सरीतले रोप किंवा शेजाऱ्याकडचा एक फडा आणावा.